घोटा जोडला गेला, पण दुसऱ्या बोल्टच्या वर पाऊल उचलत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या असून गेले सात हंगाम सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतात. गेल्या जानेवारीत एका सुळक्यावर लीड करताना (म्हणजे सर्वांत पुढे राहून, दोर खालून वर नेत चढताना) त्या पडल्या, उजवा पाय खालच्या टप्प्यावर आपटला आणि घोट्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन प्लेट आणि स्क्रू बसले. आता नऊ महिने उलटले आहेत आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी धावण्याचीही परवानगी दिली आहे. वरून दोर असला की त्या पूर्वीसारख्याच चढतात. पण लीड करताना दुसरा बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात पक्का बसवलेला खिळा) ओलांडला की उजवा पाय थरथरू लागतो, हात आवळले जातात आणि त्या उतरून येतात. असे तीनदा घडले. ग्रुपमधील मंडळींचा सल्ला आहे, ‘एकदा मुद्दाम पडून टाक, भीती निघून जाईल.’ डिसेंबरअखेर लिंगाण्याचा, म्हणजे रायगडाजवळच्या सुळक्याचा, बेत आहे. मुद्दाम पडावे का आणि लिंगाण्याला जावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई, पडण्याचा सराव तुम्हाला करावा लागेल, परंतु आत्ता नाही आणि सह्याद्रीच्या कातळावर तर मुळीच नाही. त्याआधी दोन गोष्टींचा छडा लावायला हवा. तुमचा उजवा घोटा आज नेमका किती वाकतो, ही एक. आणि जानेवारीत तुम्ही पडलात तेव्हा दोराच्या दोन्ही टोकांना नेमके काय झाले, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे हाती नसताना कोणी तुम्हाला ‘मन घट्ट कर’ असे सांगत असेल, तर ते प्रेमापोटी सांगत असले तरी ऐकू नका. मी २६ वर्षे चढतो आहे, त्यातील बरीच वर्षे शिबिरांतून शिकवण्यात गेली, आणि माझाही घोटा एकदा मोडलेला आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातील काही भाग शिकवताना पाहिलेला आणि काही स्वतः भोगलेला आहे.

घोट्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातील ‘उजवा पाय थरथरतो’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटले. घाबरलेल्या माणसाचे दोन्ही पाय थरथरायला हवेत. तुमचा नेमका मोडलेलाच पाय थरथरतो. शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली नाचणारा हा पाय प्रत्येक आरोहकाने कधी ना कधी अनुभवलेला असतो. लहानशा खाचेवर केवळ चवड्याचा पुढचा भाग टेकवून, टाच उंच ठेवून बराच वेळ उभे राहिले की पोटरी थकते आणि पाय नाचू लागतो. त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे टाच खाली सोडणे. टाच खाली गेली की पोटरीवरचा ताण कमी होतो आणि बहुतेक वेळा थरथर थांबते. आता विचार करा: ज्या घोट्यात प्लेट बसली आहे आणि जो कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये जखडलेला होता, तो पुढच्या बाजूला पुरेसा वाकतच नसेल तर टाच खाली जाणार कशी? तुम्ही नकळत टाच वर ठेवूनच उभ्या राहता, पोटरी थकते, पाय नाचू लागतो आणि त्या नाचणाऱ्या पायाकडे पाहून मन म्हणते, ‘मी घाबरले आहे.’ पुढची खरी भीती त्यातून जन्माला येते. वरून दोर असताना हे जाणवत नाही, कारण तेव्हा तुम्ही भराभर पुढे जाता. लीड करताना क्विकड्रॉ (बोल्टमध्ये दोर अडकवण्याची जोडकडी) लावण्यासाठी एकाच पायावर अर्धा-एक मिनिट थांबावे लागते आणि तेथेच घोट्याची परीक्षा होते.

हे तपासण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. घरातील मोकळ्या भिंतीसमोर अनवाणी उभे राहा. पाऊल भिंतीकडे सरळ रोखा, टाच फरशीवर घट्ट टेकलेली असू द्या आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडे मागे घ्या आणि पुन्हा टेकवा. टाच उचलली जाण्याआधी अंगठ्याचे टोक आणि भिंत यांमधील सर्वांत जास्त अंतर किती, ते सेंटीमीटरमध्ये मोजा. मग दुसऱ्या पायाचे मोजा. माझ्या बाबतीत अपघातानंतर दहा महिन्यांनी डाव्या पायाचे अंतर ११ सेंटीमीटर होते आणि उजव्याचे साडेपाच. मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या फरशीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या आणि रोज सकाळी दूध तापेपर्यंत उजव्या पायाची रेघ मागे सरकवण्याचा प्रयत्न करत असे. साडेपाचावरून नऊवर यायला मला जवळजवळ चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत माझी ‘भीती’ अर्ध्याने कमी झाली, जरी त्या काळात मी एकदाही मुद्दाम पडलो नव्हतो. दोन पायांमधील फरक दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर फिजिओथेरपिस्टला हे आकडे दाखवा आणि धावण्यासाठी नव्हे, चढण्यासाठी घोटा हवा आहे, असे स्पष्ट सांगा. धावण्याची परवानगी मिळाली म्हणजे चढण्याचीही मिळाली, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. पण सपाट रस्त्यावर धावताना घोट्याला जितके वाकावे लागते त्यापेक्षा तिरप्या कातळावर उभे राहताना कितीतरी जास्त वाकावे लागते.

त्याच भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण उचलून खाली आणा. डाव्या पायाने जितक्या वेळा जमते तितक्या वेळा उजव्याने जमते का, ते मोजा. डाव्याने २५ आणि उजव्याने १२ होत असतील तर उजवी पोटरी अजून तयार नाही. नंतर डोळे मिटून एका पायावर ३० सेकंद उभे राहून पाहा. दुखापतीत अस्थिबंध ताणले जातात, तेव्हा पाऊल कोठे आणि किती तिरपे आहे हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते, आणि ती सरावानेच परत येते. व्यायामानंतर थोडे दुखले तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली किंवा दुखणे वाढलेले असले तर आदल्या दिवशी जास्त झाले, असे समजावे.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. दोर नको, उंची नको, म्हणून पुष्कळ जण दुखापतीनंतर बोल्डरिंगने, म्हणजे खाली गादी टाकून बुटक्या भिंतीवर दोराविना चढण्याने, सुरुवात करतात. बोटांच्या किंवा खांद्याच्या दुखापतीत काय करावे तो वेगळा विषय आहे, परंतु मोडलेल्या घोट्यासाठी बोल्डरिंग सर्वांत शेवटी यायला हवे. तेथे प्रत्येक पडणे हे जमिनीवरचे पडणे असते, आणि गादीच्या कडेवर वाकडे पडलेले पाऊल घोट्याला पुन्हा मोडू शकते. करायचेच झाले तर वर गेल्यावर उडी न मारता पकडी धरून खाली उतरा.

आता जानेवारीकडे येऊ. तुम्ही ‘पडले आणि पाय टप्प्यावर आपटला’ इतकेच लिहिले आहे, आणि मला वाटते की तुमच्या मनातही ती घटना इतकीच आहे. पकड निसटली, की पकड म्हणून धरलेला दगडच हातात आला? शेवटच्या बोल्टपासून किती वर होता? दोर पायाच्या मागून गेला होता का? बिले देणारा, म्हणजे खालून तुमचा दोर सांभाळणारा, कोठे उभा होता आणि त्याच्या हातात किती दोर मोकळा होता? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तुमच्या मनाला ‘केव्हाही, काहीही होऊ शकते’ असेच वाटत राहणार, आणि अशा भीतीशी युक्तिवाद करता येत नाही. कारण सापडले की भीती आपोआप लहान होते, कारण मग ती एका विशिष्ट गोष्टीची असते.

लिन हिल या अमेरिकन आरोहक स्त्रीचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे त्या कड्याच्या माथ्यावरून २० मीटरहून अधिक खाली कोसळल्या. झाडाच्या फांद्यांमुळे त्या वाचल्या. कोपराचा सांधा निखळला, पायालाही इजा झाली. कारण अगदी साधे होते: हार्नेसला (कमरेच्या सुरक्षापट्ट्याला) दोर बांधताना त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि गाठ अर्धवट राहिली. त्यांच्या धैर्यात काहीच उणे नव्हते, त्यामुळे धैर्य वाढवून काही साधणारही नव्हते. दुरुस्त करायची होती ती गाठ तपासण्याची सवय. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील योसेमिटीच्या एल कॅपिटान या कड्याचा ‘नोज’ हा मार्ग मुक्त आरोहणाने (दोर केवळ सुरक्षेपुरता, चढाई हातापायांनीच) पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती ठरल्या, आणि त्याआधी हे कोणत्याही पुरुषालाही जमले नव्हते.

माझे स्वतःचे कारण मला अकरा महिन्यांनी कळले. एका तिरप्या कातळावर मी बोल्टच्या जेमतेम दीड मीटर वर होतो. पडलो ते फारसे नव्हते, पण खाली बिले देणाऱ्या मित्राने घाबरून दोर जोरात ओढून घेतला आणि तो जागचा हललाही नाही. दोर आखूड आणि ताठ झाला की पडणारा माणूस सरळ खाली न जाता लोलकासारखा भिंतीकडे झेपावतो आणि पाय आधी आपटतात. ज्याला आपण ‘काळजीपूर्वक बिले’ म्हणतो त्यानेच घोटा मोडला होता. आम्ही दोघांनी चहाच्या टपरीवर एका वहीच्या कागदावर ते पडणे काढून पाहिले तेव्हा कोठे हे उलगडले. तो अकरा महिने माझ्याशी त्या विषयावर बोललाच नव्हता, कारण त्याला वाटत होते की मी त्याला दोष देतो आहे. आणि मी बोललो नव्हतो, कारण मला वाटत होते की तो दुखावला जाईल.

म्हणून तुमच्या बिले देणाऱ्या सोबत्याशी बोला. अपघाताचा ओरखडा त्याच्याही मनावर असतो, आणि त्याचा परिणाम पुढच्या आरोहणावर थेट होतो: घाबरलेला बिलेअर दोर अधिकच ताठ ठेवतो, क्विकड्रॉ लावायला दोर ओढावा तर तो येत नाही, वर असलेल्याला प्रत्येक हालचालीत खाली ओढल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्ष पडल्यास झटका अधिक कठोर बसतो. तुमची तीन वेळची माघार त्याच सोबत्याबरोबर झाली असेल, तर हे कारण मी घोट्याच्या खालोखाल मानेन. चांगला बिलेअर झटका बसण्याच्या क्षणी भिंतीच्या दिशेने एक पाऊल जातो किंवा हलकीशी उडी घेतो, म्हणजे दोराचा ताण एकदम न येता हळूहळू येतो. मात्र खाली टप्पा किंवा जमीन जवळ असेल तर हेच कौशल्य घातक ठरते, कारण तेथे प्रत्येक फूट मोजून असतो. कोठे सोडायचे आणि कोठे आवळायचे हे त्याला तुमच्याइतकेच नव्याने शिकावे लागेल.

यावरून सह्याद्रीच्या दगडाचा विषय निघतो. आपला कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतील पायऱ्या या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. टणक बसाल्टच्या थरांमध्ये मऊ थर असतात, ते झिजतात, आणि भिंतीला आडवे टप्पे पडतात. त्यावर गवत, मुरूम आणि सुटे दगड साचतात. चढायला हे टप्पे सोयीचे, पण पडायला अत्यंत वाईट, कारण पडणारा माणूस हवेत न राहता टप्प्यावर येतो. बाहेर झुकलेल्या चुनखडीच्या भिंतींवर युरोपात जो पडण्याचा सराव रूढ झाला, तो जसाच्या तसा उचलून तैलबैलाच्या भिंतीवर किंवा नागफणीवर करणे म्हणजे घोट्यांशी खेळणे आहे. शिवाय पावसाळ्यात गंजलेले जुने बोल्ट काही मार्गांवर अजून आहेत, आणि दोन बोल्टमधील अंतरही पुष्कळदा मोठे असते. समजा तुम्ही बोल्टच्या दोन मीटर वर आहात. पडलात तर चार मीटर, शिवाय मोकळा दोर आणि दोराचे ताणले जाणे धरले तर पाच ते सहा मीटर. पाच मीटर पडताना शरीराला ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेग आलेला असतो. त्या अंतरात खाली टप्पा असेल तर तुमची भीती बरोबर सांगते आहे, आणि तिचे ऐकून उतरून येणे हे शुद्ध आरोहण आहे. तुमच्या तीन माघारींपैकी एखादी अशी होती का, हे त्या मार्गाचे छायाचित्र समोर ठेवून तपासा. मला शंका आहे की निदान एक तरी तशी असेल.

मग पडायचे कोठे? कृत्रिम भिंतीवर, किंचित बाहेर झुकलेल्या भागात, जेथे खाली काहीही आडवे येत नाही आणि किमान चार-पाच बोल्टमध्ये दोर अडकवून झालेला आहे. पहिल्या दोन बोल्टपर्यंत सराव कधीही करू नका. जमीन तेथे फार जवळ असते. सुरुवात वरच्या दोरानेच करा: सोबत्याला अर्धा मीटर दोर मोकळा ठेवायला सांगा, श्वास सोडत हात सोडा. हे कंटाळवाणे वाटेपर्यंत करा, आणि कंटाळा आल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे लीडमध्ये बोल्ट छातीशी असताना, मग कमरेशी, मग गुडघ्याशी, मग पावलांशी. एका दिवसात सहा-आठ पुरेत. दोन पडण्यांमध्ये काही मिनिटे जाऊ द्या. ताणलेला दोर सैल व्हायला वेळ लागतो, आणि मनालाही. पडताना मागे ढकलून घेऊ नका, त्याने भिंतीकडचा झोका वाढतो. फक्त हात सोडा, गुडघे थोडे वाकलेले ठेवा आणि भिंतीला पाय असे लावा जसे आपण जिना उतरताना शेवटच्या पायरीवर लावतो. दोर पायाच्या मागे जाऊ देऊ नका, नाहीतर शरीर उलटे होते. हेल्मेट कृत्रिम भिंतीवरही घाला. दोराबद्दल मनात शंका असेल तर एवढे लक्षात ठेवा की आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकेरी डायनॅमिक (झटका बसल्यावर ताणल्या जाणाऱ्या) दोराची चाचणी ८० किलो वजन जवळजवळ टोकाच्या तीव्रतेने पाडून घेतली जाते आणि त्याला असे किमान पाच झटके सोसावे लागतात; तुमचे छातीशी बोल्ट असतानाचे पडणे त्याच्या जवळपासही जात नाही.

‘एकदा पडून टाक’ यातील ‘एकदा’ हा शब्द का चुकीचा आहे, तेही सांगतो. मेंदू भीतीची जुनी आठवण पुसून टाकत नाही. तिच्या शेजारी ‘येथे पडलो तरी काही होत नाही’ अशी नवी आठवण ठेवतो, आणि ती नवी आठवण जागेला फार बांधलेली असते. एका भिंतीवर शांतपणे पडणारा माणूस दुसऱ्या भिंतीवर गेला किंवा पावसाळ्याच्या खंडानंतर परतला की जुनी भीती पुन्हा वर येते. याचा अर्थ सराव फुकट गेला असा होत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या भिंतींवर, वेगवेगळ्या बिलेअरबरोबर सराव करा म्हणजे नवी आठवण रुंद होईल. आणि एकच मोठे, अनपेक्षित, भयंकर पडणे घडवून आणले तर मेंदू जुनी आठवणच पक्की करण्याची शक्यता जास्त. असा ‘इलाज’ करून कायमचे आरोहण सोडलेले दोन जण मला ठाऊक आहेत, आणि दोघेही माझ्यापेक्षा चांगले चढत असत.

अपघाताचे दृश्य झोपेत पुन्हा पुन्हा दिसत असेल, किंवा भिंतीपासून दूर असतानाही छातीत धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हाडासाठी आपण डॉक्टरांकडे गेलो, तसेच हे आहे.

नैसर्गिक कातळावर लीड पुन्हा सुरू करताना पूर्वी केलेला, तुमच्या क्षमतेपेक्षा दोन पायऱ्या सोपा मार्ग निवडा. आधी वरच्या दोराने चढा आणि प्रत्येक बोल्टपाशी थांबून टाच खाली सोडून उभे राहता येते का, ते पाहा. त्या जागा मनात पक्क्या करा. पकडीचा दगड तळहाताने ठोकून पाहण्याची सवय जुनीच असेल. भरीव दगडाचा आवाज आणि आतून सुटलेल्या दगडाचा बद्द आवाज यांतील फरक हातालाही जाणवतो, आणि ठोकण्याच्या त्या दोन क्षणांत श्वासही जागेवर येतो. लीडच्या दिवशी निर्णय जमिनीवरच घ्या: या बोल्टपासून त्या बोल्टपर्यंत पडणे चालेल, या मधल्या भागात चालणार नाही. जेथे चालणार नाही तेथे शंका आली तर मागे या, जेथे चालेल तेथे चढत राहा. हे सोबत्यालाही मोठ्याने सांगा.

आता लिंगाणा. डिसेंबरअखेर लीड करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या क्रमांकाने, म्हणजे लीड करणाऱ्याच्या मागून वरच्या दोराने, जायला हरकत नाही, पण चढाईपेक्षा मला काळजी वाटते ती बोराट्याच्या नाळेची. मोहरी गावाकडून सुळक्याच्या पायथ्याच्या खिंडीपर्यंत जाताना त्या नाळेतून, म्हणजे अरुंद घळीतून, मोठमोठ्या सुट्या दगडांवरून उतरावे लागते, आणि परतीला तीच नाळ थकलेल्या पायांनी, पाठीवर दोराचे ओझे घेऊन, पुष्कळदा अंधारात चढावी लागते. प्लेट बसलेला घोटा अशा ठिकाणी मुरगळतो, सुळक्यावर नव्हे. मी स्वतः घाईने पाच महिन्यांत परतलो होतो आणि दुसऱ्यांदा घोटा मुरगळला तो कड्यावर नव्हे, घसाऱ्यावर. त्यामुळे आधी महिनाभर दर आठवड्याला ओझे घेऊन एखाद्या दगडी नाळेतून उतरून पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घोटे शेजारी ठेवून सूज तपासा. सलग तीन आठवडे सूज आली नाही तर जा. दोन काठ्या घ्या, उंच घोट्याचे बूट घाला, तुमच्या पाठीवरचा दोर दुसऱ्याला द्या, आणि दुपारी दोन वाजता तुम्ही जेथे असाल तेथून परत फिरायचे, हे आदल्या रात्री मोहरीतच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.